निधी व जीर्ण चलनाचा विनिमय

निधी व जीर्ण चलनाचा विनिमय : जमिनीत, भिंतीत, जोत्यात किंवा मडक्याहंड्यांत दडवून ठेवलेले आणि कालांतराने हाती आलेले, तसेच वापराने झिजलेले, फाटलेले, कुजलेले वा जळालेले चलन शासनाकडे अगर मध्यवर्ती बँकेकडे देऊन त्याचे मूल्य मिळविण्याची व्यवस्था. अशा चलनाकडे तीन दृष्टींनी पाहता येते. ते मालमत्ता असते. म्हणून ते कोणाचे, हा प्रश्न प्रथम उद्‌भवतो. नाणे असल्यास ते धातूचा तुकडाही असते. म्हणून त्याचे वजन व शुद्धता यांना महत्त्व येते. नोट असल्यास ती केवळ एक वचन असते आणि ते वचन देणारी संस्था त्यास बांधलेली आहे तोवरच तिला मूल्य असते. या तीनही दृष्टींच्या मुळाशी एकच वाद आढळतो : चलनाची झीज, नासाडी किंवा कालबाह्यता यांमुळे होणारे नुकसान कोणी सोसावे, ज्याच्या हाती ते शेवटी आले त्याने, की ज्याने ते प्रचारात आणले त्या शासनाने? या विनिमयाचा इतिहास म्हणजे बव्हंशी या प्रश्नाला निरनिराळ्या काळी दिल्या गेलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

प्राचीन काळ : कौटिलीय अर्थशास्त्रात टांकसाळीवरील लक्षणाध्यक्ष आणि नाणी पारखणारा रूपदर्शक या दोन अधिकाऱ्यांचा निर्देश आहे. व्यवहारात चालणारी नाणी कोणती आणि राजकोशात स्वीकारण्याजोगी कोणती, हे ठरविण्याचे काम रूपदर्शकाचे असे. यासाठी शेकडा आठ रूपिक, शेकडा पाच व्याजी आणि शेकडा एक-अष्टमांश पारीक्षिक असे आकार सांगितले आहेत. नाणे पारखून घेण्याचा खर्च ते आणणाऱ्यावर टाकण्याची प्रथा अशा रीतीने फार जुनी आहे.

निधीविषयीही याच ग्रंथात स्पष्ट नियम आहेत. एक लक्षाहून अधिक मूल्याचा निधी राजाचा मानला आहे. खाण, रत्न किंवा निधी यांची वर्दी देणाऱ्यास सहावा हिस्सा आणि तो राजसेवक असल्यास बारावा हिस्सा मिळावा, असे म्हटले आहे. निधी आपल्या पूर्वजांचा आहे, असे सचोटीच्या माणसाने पुराव्यानिशी सिद्ध केल्यास त्याला तो संपूर्ण मिळे; पुराव्यावाचून हक्क सांगितल्यास ५०० पण आणि गुपचूप घेतल्यास १,००० पण दंड होई. मनुस्मृती व याज्ञवल्क्यस्मृती यांतही निधीच्या वाटणीचे नियम असून त्यांत विद्वान ब्राह्मणास खास सवलत आहे. याज्ञवल्क्याच्या वचनातील सहाव्या हिश्श्याचा अर्थ लावताना, सापडविणाऱ्यास सहावा हिस्सा देऊन उरलेला निधी राजाने घ्यावा, असे विज्ञानेश्वराने मिताक्षरेत म्हटले आहे. सापडविणाऱ्यास काहीच मिळाले नाही, तर निधी उजेडात येणार नाही, हा व्यवहारी विचार या नियमांमागे दिसतो.

नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेला निधी महाराष्ट्राच्या इतिहासात महत्त्वाचा ठरला. त्यात क्षहरात क्षत्रप नहपान याची सु. १३,२५० चांदीची नाणी होती व त्यांपैकी सु. दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उमटविलेली होती. पराभूत राजाची नाणी वितळविण्याऐवजी त्यांवर नवा ठसा मारून ती प्रचारात ठेवणे, हाही विनिमयाचाच एक प्रकार होय. नाण्याचे मूल्य चांदीत असल्यामुळे राजा बदलला तरी ते नष्ट होत नसे; नव्या सत्तेची मान्यता तेवढी त्यावर उमटावी लागे.

बट्ट्याची पद्धती : मध्ययुगात नाण्याची किंमत केवळ त्याच्या धातूवर नव्हे, तर त्याच्या वयावरही अवलंबून राहू लागली. मोगल अमदानीत चालू वर्षाचा रुपया ‘सिक्का’, त्याच राजाच्या कारकीर्दीतील मागील वर्षांचा ‘चलनी’ आणि पूर्वीच्या राजांचा ‘खजाना’ म्हणून ओळखला जाई. जुन्या नाण्यांवर सराफ जी सूट कापून घेत तीस बट्टा म्हणत. जुना रुपया वजनाला पुरा असला, तरी तो नव्या रुपयाच्या बरोबरीने घेतला जात नसे. बंगालमध्ये या पद्धतीचा रयतेस इतका जाच झाला, की ईस्ट इंडिया कंपनीने शाह आलमच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाचा ठसाच कायम ठेवून, नाण्याच्या वर्षावरून त्याची किंमत घटविण्याची प्रथा १७९३ च्या सुमारास मोडून काढण्याचा प्रयत्न केला.

मराठी राज्यात होन, शिवराई, अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, मल्हारशाही रुपया अशी अनेक नाणी एकाच वेळी चालत. टांकसाळी बहुधा मक्त्याने दिलेल्या असत आणि प्रत्येक नाण्याचा भाव पेठेगणिक बदले. सरकारी भरण्यातील नाणी पोतदार पारखून घेई. शेतकऱ्याने सारा भरण्यासाठी आणलेले नाणे झिजके, खोलगट किंवा परक्या टांकसाळीचे निघाल्यास त्याचा बट्टा शेतकऱ्यालाच सोसावा लागे. पोतदार, पारखी, नाणावटी, सराफ ही आडनावे आणि ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्‌प्रचार या व्यवस्थेची स्मृती आजही जपून आहेत. शेतात वा पडक्या वाड्यात हंडा सापडला, तरी त्याचे रूपांतर व्यवहारातील पैशात करावयाचे म्हणजे सराफाकडेच जावे लागे. नाणी वितळविली गेली, की मालकीचा आणि राजाच्या हिश्श्याचा प्रश्न बुजून जाई. त्याबरोबर त्यांचे ऐतिहासिक मूल्यही कायमचे नष्ट होई.

एकरूप नाणे व झिजेचा भार : १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात १८० ग्रेन वजनाचा व अकरा-द्वादशांश शुद्धतेचा एकच रुपया प्रचारात आणला. बट्ट्याला त्यामुळे मोठा आळा बसला. तथापि झिजेचा प्रश्न उरलाच. १९०६ च्या भारतीय नाणे अधिनियमानुसार रुपयाचे वजन शेकडा दोनपेक्षा अधिक घटलेले नसेल, तरच तो विधिग्राह्य समजला जाई. त्याहून हलके नाणे कापून टाकण्याचा अधिकार नेमलेल्या अधिकाऱ्यांना होता. स्वाभाविक वापराने ठराविक मर्यादेपर्यंत झालेली झीज शासनाने सोसावी. मर्यादेबाहेरील घट मात्र नाणे आणणाऱ्याच्या माथी बसावी, असे तत्त्व यातून रूढ झाले. कानशीने घासून वा कडा कातरून मुद्दाम हलके केलेले नाणे आणि हातोहात फिरून झिजलेले नाणे यांत कायद्याने केलेला हा भेद महत्त्वाचा होय. पुढे नोटांच्या बाबतीतही तोच स्वीकारला गेला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चांदीची टंचाई व साठेबाजी यांमुळे १९४० मध्ये रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणण्यात आले. त्यानंतर व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे रुपये १९४१ मध्ये, सातव्या एडवर्डचे १९४२ मध्ये आणि पाचव्या व सहाव्या जॉर्जचे जुन्या शुद्धतेचे रुपये १९४३ मध्ये चलनातून काढण्यात आले. ‘राणीछाप’ रुपया या नावाने घरोघरी पुरून ठेवलेला हा पैसा तेव्हापासून चलन राहिला नाही. आज तो सापडल्यास बँकेत त्याचा एक रुपयाही मिळत नाही. परंतु त्यातील सु. १०.७ ग्रॅम शुद्ध चांदीमुळे त्याची बाजारातील किंमत दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट असते. याउलट अ‍ॅल्युमिनियमची पैसे-नाणी २०११ पर्यंत विधिग्राह्य होती. पण त्यांतील धातूची किंमत नगण्य असल्याने २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून बाद झाल्यावर त्यांचे मूल्य संग्राहकांपुरतेच उरले. नाण्यांसंबंधीचा नवा अधिनियम २०११ मध्ये संमत झाला व त्याने १९०६ च्या अधिनियमाची जागा घेतली.

संस्थानी चलनाची गतही अशीच झाली. निजामाच्या राज्यातील, म्हणजे मराठवाड्यातीलही, ‘हाली शिक्का’ रुपया भारतीय रुपयाशी सातास सहा या प्रमाणात बदलून घेतला जाई. हैदराबादच्या विलीनीकरणानंतर १९५० च्या दशकात तो चलनातून गेला. गोव्यात १९६१ च्या मुक्तीनंतर पोर्तुगीज चलनाची जागा भारतीय रुपयाने घेतली. बदलाची मुदत हुकलेले असे चलन जुन्या घरांच्या पाडकामात सापडते, तेव्हा त्याला विनिमयमूल्य नसते.

निखात निधी अधिनियम : निधीसंबंधी भारतात लागू असलेला प्रमुख कायदा १८७८ चा होय. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कोणत्याही वस्तूत दडलेली कोणतीही मूल्यवान चीज म्हणजे निधी, अशी त्याची व्यापक व्याख्या आहे. निधीचे मूल्य दहा रुपयांपेक्षा अधिक असल्यास सापडविणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे लागते. निधीचे स्वरूप, अंदाजे मूल्य, जागा आणि सापडल्याची तारीख नमूद करून तो जवळच्या सरकारी खजिन्यात ठेवावा लागतो किंवा त्यासाठी तारण द्यावे लागते. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून चार ते सहा महिन्यांच्या आतील एखाद्या दिवशी हक्कदारांना पाचारण करतो. निधी गेल्या शंभर वर्षांत कोणीतरी पुरल्याचे दिसून आल्यास त्या व्यक्तीला वा तिच्या वारसांना दिवाणी न्यायालयात दाद मागण्याची संधी दिली जाते. तो बेवारस ठरल्यास, आणि पक्षांमध्ये वेगळा करार नसल्यास, तीन-चतुर्थांश हिस्सा सापडविणाऱ्याला व एक-चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळतो. शासनाला निधी हवा असल्यास त्यातील द्रव्याची किंमत व तिचा एक-पंचमांश एवढी रक्कम देऊन तो घेता येतो. वर्दी न देणाऱ्याचा हिस्सा जप्त होतो व त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड वा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या कायद्याचा मुख्य दोष नुकसानभरपाईच्या आकारणीत आहे. ती द्रव्याच्या, म्हणजे प्रायः धातूच्या, किंमतीवर आधारलेली असल्यामुळे दुर्मिळ नाण्याच्या खऱ्या बाजारमूल्याशी तिचा मेळ बसत नाही. शासनाकडे जावे तर दीर्घकाल वाट पाहावी लागते, आणि सोनाराकडे जावे तर रोख पैसे तात्काळ मिळतात, अशा पेचात निधी सापडविणारा ग्रामस्थ अनेकदा दुसरा मार्ग पत्करतो. १९४६ मध्ये भरतपूर संस्थानातील बयाना परिसरात गुप्तांच्या सुवर्णनाण्यांचा मोठा निधी मिळाला. त्यातील १,८२१ नाणी संस्थानाच्या हाती आली. परंतु त्यापूर्वीच काही नाणी वितळविली गेली होती. अनंत सदाशिव अळतेकर यांनी या निधीची सूची तयार करून ती १९५४ मध्ये प्रसिद्ध केली. गुप्तकालीन नाणेशास्त्राचा ती एक आधारस्तंभ आहे. वितळलेल्या नाण्यांवर काय होते, हे मात्र आता कधीच कळणार नाही.

शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांस पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ लागू होतो आणि परवानगीवाचून त्यांची निर्यात करता येत नाही. संरक्षित स्मारकांच्या आवारात अनुज्ञेशिवाय उत्खनन करण्यास १९५८ च्या प्राचीन स्मारके अधिनियमाने बंदी आहे. गुप्तधनाच्या लोभाने चालणाऱ्या अघोरी प्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१३ मध्ये नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्धचा कायदा केला. गुप्तधन किंवा जलस्रोत शोधण्याच्या निमित्ताने केली जाणारी अमानुष कृत्ये त्याच्या अनुसूचीत समाविष्ट आहेत.

कागदी चलन : १८६१ च्या कागदी चलन अधिनियमाने नोटा काढण्याचा एकाधिकार हिंदुस्थान सरकारकडे आला. त्या काळी मोठ्या रकमेची नोट टपालाने पाठविताना ती मधोमध कापून अर्धी प्रथम पाठवीत आणि ती पोहोचल्याची खबर आल्यावर उरलेली अर्धी रवाना करीत. वाटेत एक भाग गहाळ झाल्यास उरलेल्या अर्ध्या नोटेचे काय, हा प्रश्न त्यामुळे नेहमीचा झाला. फाटक्या नोटांच्या परताव्याविषयीच्या नियमांना चालना मिळाली, ती अशा व्यवहारांतून.

भारतीय रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ च्या २८ व्या कलमातील तत्त्व या संदर्भात निर्णायक आहे. हरवलेल्या, चोरीस गेलेल्या, फाटलेल्या किंवा अपूर्ण नोटेचे मूल्य हक्क म्हणून कोणासही मागता येत नाही. तथापि बँकेने केंद्र शासनाच्या पूर्वसंमतीने केलेल्या नियमांनुसार ते अनुग्रह म्हणून देता येते. असे नियम १९७५ मध्ये व त्यांच्या जागी २००९ मध्ये करण्यात आले; नव्या नोटांचा आकार लहान झाल्याने २०१८ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. त्यांनुसार वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा सर्वांत मोठा सलग तुकडा निम्म्याहून अधिक असेल, तर पूर्ण मूल्य मिळते. अन्यथा काहीच मिळत नाही. पन्नास रुपये व त्यावरील नोटेच्या बाबतीत असा तुकडा ८० टक्क्यांहून अधिक असल्यास पूर्ण व ४० ते ८० टक्के असल्यास निम्मे मूल्य मिळते. त्याहून लहान तुकड्याची मागणी फेटाळली जाते. दुरुस्तीपूर्वी पूर्ण मूल्याची मर्यादा ६५ टक्के होती.

मळलेल्या आणि साध्या फाटक्या नोटा बँकांच्या शाखांत बदलून मिळतात. मात्र भिंतीत, पेटीत वा मडक्यात दीर्घकाळ राहिलेल्या नोटांची अवस्था बहुधा याहून वाईट असते. वाळवीने त्यांची चाळण होते, ओलीने त्या एकमेकींना चिकटतात, आगीने त्यांचा कोळसा होतो. हात लावताच चुरा होणाऱ्या, जळालेल्या किंवा सुट्या न होणाऱ्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयातच द्याव्या लागतात. अशा नोटा घरी सोडविण्याचा, धुण्याचा किंवा चिकटपट्टीने जोडण्याचा प्रयत्न केल्यास सलग तुकड्याचे क्षेत्रफळ घटते व मूल्य मिळण्याची शक्यताही कमी होते. मुद्दाम कापलेल्या किंवा निरनिराळ्या नोटांचे तुकडे जोडून बनविलेल्या नोटा फेटाळल्या जातात. कातरलेल्या नाण्याचा जुना न्याय येथे कागदाला लागू झालेला दिसतो.

निश्चलनीकरण : नोट अखंड असूनही तिचे मूल्य संपुष्टात येऊ शकते. भारतात १२ जानेवारी १९४६ रोजी ५००, १,००० व १०,००० रुपयांच्या. १६ जानेवारी १९७८ रोजी १,०००, ५,००० व १०,००० रुपयांच्या. आणि ८ नोव्हेंबर २०१६ रोजी तत्कालीन ५०० व १,००० रुपयांच्या नोटा रद्द करण्याची घोषणा झाली. १९७८ मध्ये सर्वसाधारण मुदत अवघ्या तीन दिवसांची होती. २०१६ मध्ये ती ३० डिसेंबरपर्यंत होती. त्यानंतरच्या २०१७ च्या अधिनियमाने या नोटांविषयीचे रिझर्व्ह बँकेचे दायित्व आणि केंद्र शासनाची हमी ३१ डिसेंबर २०१६ पासून संपुष्टात आणली. दहाहून अधिक, व अभ्यास वा नाणकशास्त्र यांसाठी पंचविसाहून अधिक, नोटा जवळ बाळगणे दंडनीय ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने २०१६ चा निर्णय वैध ठरविला. त्यामुळे आईआजीने धान्याच्या कणगीत किंवा देवघराच्या फळीमागे राखून ठेवलेली पुंजी तिच्या पश्चात हाती आली, तर अज्ञान हे कारण विनिमयासाठी पुरेसे ठरत नाही. याउलट २,००० रुपयांच्या नोटा १९ मे २०२३ रोजी मागे घेताना त्यांची विधिग्राह्यता कायम ठेवण्यात आली.

अन्य देशांतील व्यवस्था : मुदतीचा असा कडक नियम सर्वत्र नाही. जर्मनीची मध्यवर्ती बँक मार्कची जुनी नाणी व नोटा १.९५५८३ मार्कला एक यूरो या दराने कालमर्यादेवाचून बदलून देते. खराब झालेल्या नोटेचा निम्म्याहून अधिक भाग सादर करावा लागतो किंवा उरलेला भाग नष्ट झाल्याचे सिद्ध करावे लागते. बँक ऑफ इंग्लंडही आपल्या मागे घेतलेल्या अस्सल नोटांचे दर्शनी मूल्य मुदतीवाचून देते. फ्रान्समध्ये मात्र फ्रँकच्या शेवटच्या नोटा बदलण्याची मुदत फेब्रुवारी २०१२ मध्ये संपली. अमेरिकेत नोटेचा निम्म्याहून अधिक भाग असल्यास, किंवा त्याहून कमी असला तरी उरलेला भाग पूर्णतः नष्ट झाल्याची खात्री पटल्यास, मूल्य मिळते. तेथील टांकसाळीने वाकलेली व मोडलेली नाणी वजनावर घेण्याची योजना बनावट नाण्यांच्या संशयावरून २०१५ मध्ये स्थगित केली व २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू केली.

नाण्यांच्या झिजेचा भार राष्ट्राने उचलल्याचे गाजलेले उदाहरण इंग्लंडमधील आहे. तेथे १६९६ मध्ये कातरलेली चांदीची नाणी मागे घेऊन नवी पाडण्यात आली आणि त्यातील तूट भरून काढण्यासाठी घरांच्या खिडक्यांवर कर बसविण्यात आला. निधीच्या बाबतीतही त्या देशाची रीत उद्‌बोधक आहे. १९९२ मध्ये सफक परगण्यातील हॉक्सन येथे हरवलेला हातोडा धातुशोधकाने शोधीत असता सु. १५,००० रोमन नाणी सापडली. वर्दी लगेच दिली गेल्याने पुरातत्त्वज्ञांना ती मूळ जागी अभ्यासता आली. बहुतेक चांदीची नाणी कडा कातरलेली होती व रोमन सत्तेच्या अखेरीस ब्रिटनमध्ये चलनाची किती टंचाई झाली होती, हे त्यांवरून उमगले. सराफाच्या तराजूत जो दोष ठरला असता, तोच इतिहासकाराच्या हाती पुरावा ठरला. सापडविणाऱ्यास बाजारमूल्यानुसार बक्षीस देण्याच्या प्रथेचा यात मोठा वाटा होता. १९९६ च्या निधी अधिनियमाने तेथील हे क्षेत्र अधिक विस्तृत व सुव्यवस्थित केले.

समालोचन : झिजलेल्या नाण्याचा बट्टा रयतेकडून घेण्यापासून स्वाभाविक झिजेचा भार शासनाने पत्करण्यापर्यंत भारतीय व्यवस्थेने मोठी मजल मारली आहे. तथापि दोन उणिवा उरतात. नोटेच्या बाबतीत परतावा हा हक्क नसून अनुग्रह आहे आणि मुदत उलटल्यावर तोही संपतो. त्यामुळे बँकेपासून दूर राहणाऱ्या, घरातच बचत करणाऱ्या वर्गाला याची झळ अधिक बसते. निधीच्या बाबतीत मोबदला धातूच्या किंमतीशी जखडलेला आहे. त्यामुळे प्रामाणिक वर्दीपेक्षा मूस अधिक फायद्याची ठरते. सापडविणाऱ्याला रास्त मोबदला लवकर मिळेल, अशी व्यवस्था झाल्यास त्याचा लाभ व्यक्तीइतकाच देशाच्या इतिहासालाही होईल. तोपर्यंत, सापडलेले नाणे न घासता व सापडलेली नोट न सोडविता, ती आहे त्या स्थितीत सक्षम अधिकाऱ्याकडे पोहोचविणे हाच तिचे मूल्य राखण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग होय.